सादं पेट्रोल

पाना हातात घेतला आणि उजव्या हाताचं मधलं बोट वळेचना. तीन दिवस झाले तरी पेराची सूज उतरली नव्हती. कातडी ताणून चकाकत होती आणि तिच्यावर दोन बारीक खाचा काळ्या पडल्या होत्या. आसिफने पाना डाव्या हातात घेतला. हाताला काय झालं, असं हवालदार सटवाजींनी सहज विचारलं. ऑटोचा दांडा उलटा बसला, तो म्हणाला. ऑटो चालू करायचा दांडा उलटा फिरला की मनगट मोडतं, हे लातुरात कुणालाही सांगावं लागत नव्हतं. सटवाजींनी मान हलवली, गुडघ्यावर पुठ्ठा ठेवला, पुठ्ठ्यावर पंचनाम्याचा कागद, आणि वर तारीख घातली. एप्रिल महिना, सन दोन हजार चार. सकाळचे दहा वाजले होते आणि पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारातली फरशी आताच पायाला भाजत होती.

ऑटो लिंबाखाली उभा करून ठेवला होता. मागची उजवी बाजू ट्रकने आत दाबलेली, हूड फाटून लोंबत होतं, इंजिनाला मात्र ओरखडाही नव्हता. मोटार निरीक्षकाने काल पाहणी करून लिहून दिलं होतं: ब्रेक ठीक, हँडल ठीक, इंजिन जाम, जाम का झालं ते खोलल्यावर कळेल. खोलायला कोण, तर टू-स्ट्रोकच्या बाबतीत गावात एकच नाव निघायचं. फौजदारांनी शिपाई पाठवला आणि आसिफ पेटी उचलून आला. गाडी तुझ्याच हातची आहे म्हणे, मग तुला लवकर कळेल, एवढंच फौजदार म्हणाले होते. नाही म्हणायला त्याला कारण सापडलं नव्हतं, आणि हो म्हणताना आपण केवढी घाई केली हे वाटेत त्याच्या लक्षात आलं होतं. कागदात महत्त्वाची ओळ एकच असणार होती: चालत्या गाडीची चाकं एकदम जाम होऊन का बसली. चूक चालवणाऱ्याची निघाली तर गुरुपादप्पा आत जाणार होता; गाडी बांधणाऱ्याची निघाली तर आसिफ. गुरुपादप्पा सरकारी दवाखान्यात पडून होता, जबडा दोन्हीकडून तारेने बांधलेला, खाटेपाशी एक शिपाई. त्याला बोलता येत नव्हतं, आणि लिहिता त्याला सहीपुरतंच येत होतं.

मागच्या दाराच्या पायरीवर व्यंकटी बसले होते. मुखेडच्या एका शाळेत शिपाई. त्यांची मुलगी प्रियदर्शनी डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी लातूरच्या क्लासला होती आणि तीन दिवसांपूर्वी याच ऑटोच्या मागच्या बाकावर उजव्या कडेला बसली होती. परवा त्यांनी तिला गावाकडे नेलं, माती दिली आणि आज पहिल्या एसटीने ते परत आले. सकाळी त्यांनी फौजदारांना सांगितलं होतं की आपली तक्रार काही नाही, फक्त इंजिन खोलताना बघायचं आहे. माणूस रडत असता, ओरडत असता तर त्याला पाणी देऊन बाहेर बसवता आलं असतं. व्यंकटी गप्प होते. पांढरा शर्ट, पायात बूट, बुटांवर मुखेडच्या रस्त्याची माती, आणि नजर आसिफच्या हातांवर.

चार नट निघाले. हेड उचललं तसा वास आला. जळक्या तेलाचा वास त्याला जन्माचा ओळखीचा होता; हा तो नव्हता. रिकामा तवा विस्तवावर विसरला की येतो तसा, नुसत्या तापलेल्या धातूचा. प्लगचं टोक पांढरं फटफटीत पडलं होतं. पुढे खोलायची खरं म्हणजे गरज नव्हती. इंजिन कशाने मेलं हे त्याला तिथेच कळलं होतं. इथे यायच्या आधीच, तीन दिवस आधीच कळलं होतं. तरी हात चालत राहिले. नांदेडला देगलूर नाक्यावर खाजामियाँ उस्तादांकडे काम शिकताना पहिला धडा हाच होता की इंजिन उघडताना तोंड बंद ठेवायचं. उस्ताद स्वतः मात्र बोलायचे. इंजिन म्हणजे मारामारी, ते म्हणायचे. मिनिटाला चार हजार वेळा आत आग लागते, चार हजार वेळा लोखंडाला ॲल्युमिनियम मारतं आणि ॲल्युमिनियमला लोखंड. बाहेर बसलेल्याला वाटतं गाडी चालली आहे. ही मारामारी खून होण्यापर्यंत जात नाही, कारण मध्ये तेल असतं. तेल म्हणजे भांडणात मध्ये पडणारा माणूस. दोन्हीकडचा मार त्यालाच. असतो तोवर दिसत नाही. गेला की दिसतो. असं म्हणून उस्ताद कुणाच्या तरी पाठीत थाप घालायचे, आणि ती थाप प्रेमाची की रागाची हे पाठीलाच ठरवावं लागायचं.

सिलिंडर निघेना. पिस्टन आत घट्ट धरून बसला होता. आसिफने लाकडी हातोड्याने चारही बाजूंनी ठोके घालायला सुरुवात केली, डाव्या हाताने, जरा वाकडेच. प्रत्येक ठोक्याला पायरीवरच्या माणसाचे खांदे किंचित उडत होते. आसिफने ठोके हळू केले, तर सिलिंडर हलेना. मग त्याने तिकडे पाहणंच सोडलं आणि जोराने ठोकत राहिला. लोखंडाखाली काहीतरी अडकलंय आणि आपण वरून ठोकतोय, हे त्याच्या हातांनी पूर्वी केलं होतं. त्र्याण्णव साली, भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी, उस्तादांनी गॅरेजमधले सगळे जॅक एका टेम्पोत घातले आणि त्याला बरोबर घेऊन किल्लारीकडे निघाले. सरकारकडे माणसं होती, फावडी होती. दगड उचलायला जॅक लागतात हे उस्तादांना सुचलं होतं. वाटेत पाऊस. तो तेव्हा अठराचा होता. एका गावात, ज्याचं नाव त्याने कधी विचारलं नाही, दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आडव्या झाल्या होत्या आणि त्या ढिगातून एका माणसाचा हात कोपरापासून बाहेर आला होता. हात हलत होता. बोटं उघडत होती, मिटत होती, काही मागावं तशी. आसिफने तुळईखाली जॅक लावला. जॅकखाली फळी घालायची असते. चिखलावर जॅक उभा राहत नाही. हे त्याला ठाऊक होतं. फळी टेम्पोत होती, टेम्पो शंभर पावलांवर होता, आणि बोटं उघडत-मिटत होती. त्याने चिखलावरच जॅक चढवला. तुळई वीतभर उठली. आतून आवाज आला, शब्द नव्हे, नुसता श्वास मोकळा झाल्यासारखा. मग जॅक तिरका झाला आणि सुटला. तुळई खाली बसताना काही मोठा आवाज झाला नाही. बोटं उघडी होती ती तशीच राहिली. पलीकडून एक जवान आला, त्याने नाडी पाहिली आणि पुढे चला अशी खूण केली. आसिफने उस्तादांना सांगितलं की तो आधीच गेलेला होता. उस्तादांनी जॅकच्या तळाला लागलेला चिखल पाहिला. मग खिशातलं फडकं काढून तो तळ नीट पुसला आणि जॅक टेम्पोत ठेवला. त्या दिवशी त्या गावातून इतकी माणसं काढली की एक कुणाच्या हाताने गेला हे विचारायला कुणी उरलं नव्हतं. उस्ताद पुढेही त्याबद्दल कधी बोलले नाहीत. त्यांनी एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, असं आसिफला दहा वर्षं वाटत आलं होतं.

सिलिंडर कर्रकन सुटला. पिस्टनच्या अंगावर वरून खालपर्यंत ओरखडे होते, नांगरट केल्यासारखे. धातू वितळून सिलिंडरच्या भिंतीला फासला गेला होता. सटवाजींनी वाकून पाहिलं आणि काय लिहू, असं विचारलं. थांबा, आसिफ म्हणाला. त्याने कार्बोरेटर काढला, तळाची वाटी उघडली आणि पेट्रोल सोडणारं नखाएवढं पितळी जेट काढून तळहातावर घेतलं. भोक त्याच्या हातचं होतं. मूळचं भोक डाग देऊन बुजवायचं आणि सुईसारख्या ड्रिलने नवं, बारीक पाडायचं. या भोकावर त्याची दोन वर्षं गेली होती. पासिंगचे नियम कडक होत चालले होते. सायलेन्सरमध्ये नळी घालायची, यंत्रावर धुराचा आकडा उमटायचा, आणि आकडा मोठा असला की ऑटो घरी. गावातले निम्मे ऑटो जुने टू-स्ट्रोक. क्लास सुटला की रस्त्यावर निळ्या धुराचा पट्टा उभा राहायचा आणि पोरी ओढणीने नाक बांधून बाकावर कोंबून घ्यायच्या. गावोगावची पोरं लातुरात येऊन पडत होती. खोल्या, खानावळी, क्लास आणि ऑटो, सगळं त्यांच्यावर चालू होतं. नवे फोर-स्ट्रोक ऑटो घ्यायची कुणाची ताकद नव्हती. आसिफने ठरवलं की जुन्याच इंजिनाला नवा नियम पाळायला लावायचा. जेट बारीक केलं, हेड खरादवर घासून दाब वाढवला, ठिणगी किंचित अलीकडे आणली. एका वहीत रोजचे आकडे मांडले, चुकले ते खोडले नाहीत. लिटरला वीस देणारा ऑटो अठ्ठावीस देऊ लागला. पाचच्या वरचा आकडा अडीचवर आला. नांदेडहून, उदगीरहून ऑटोवाले ‘आसिफ सेटिंग’ करून घ्यायला यायला लागले. पेट्रोल कमी आणि हवा जास्त म्हणजे आग जास्त तापते, तापलेला पिस्टन फुगतो, आणि फुगलेल्या पिस्टनला भिंतीपासून दूर ठेवणारं मध्ये फक्त पेट्रोलात मिसळलेलं तेल असतं, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. म्हणून तेलात कसूर करू नका, असं तो प्रत्येकाला बजावायचा.

पण काही जुनी इंजिनं शेवटच्या दोन-तीन दशांशांना हट्ट धरायची. आकडा उतरायचाच नाही. तेवढ्यासाठी त्याने एक तोड काढली होती. पासिंगच्या दिवशी टाकी रिकामी करायची आणि बिनतेलाचं पेट्रोल अर्धा लिटर घालायचं. तीन-चार किलोमीटर, सावकाश, पासिंग करून थेट गॅरेजला परत, मग ते काढून पुन्हा तेल मिसळलेलं भरायचं. गॅरेजमध्ये या पेट्रोलला ‘सादं’ म्हणत. दोन वर्षांच्या खऱ्या कामाच्या पोटात ही अर्ध्या लिटरची लबाडी होती, आणि ती लबाडी आहे हे तो स्वतःशी कबूल करायचा. म्हणूनच ती त्याला लहान वाटायची. या उन्हाळ्यात पेट्रोल पंपांवर एक नवं, महागाचं पेट्रोल आलं. पंपावरची माणसं नोझल हातात घेऊन विचारू लागली, सादं का नवं? सगळं गाव ‘सादं’ म्हणू लागलं, आणि गावाचं सादं वेगळं होतं: नेहमीचं स्वस्त पेट्रोल, ज्यात तेल घालायचंच असतं. आसिफ दोन्ही सादी दिवसातून वीस वेळा बोलत होता. दोन्ही एकाच तोंडातून येत होती आणि आपल्याला त्यांतला फरक कळतो म्हणजे तो सगळ्यांनाच कळतो, असं तो धरून चालला होता.

सोमवारी, अपघाताच्या दिवशी, दुपारी फोन आला तेव्हा गॅरेजमध्ये दोन इंजिनं चालू होती. गुरुपादप्पा पंपाजवळच्या नाण्याच्या फोनवरून बोलत होता. निलंग्याकडचा माणूस, घरी कानडी बोलायचा. मराठीत तो शब्द मोजून वापरायचा आणि समोरच्याचेही मोजूनच घ्यायचा. पास झाला, तो म्हणाला. आता कोणतं टाकू, सादं का? आसिफने रिसीव्हर खांद्याने दाबून धरला होता आणि हातात कार्बोरेटर होता. पंपावर त्याच्या गळ्यात ते नवं पेट्रोल मारायला बघताहेत, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. सादंच टाक रे, तो म्हणाला, उगी महागाचं कशाला. बरं, गुरुपादप्पा म्हणाला आणि फोन ठेवला. तेलही महागच होतं. आसिफ सेटिंगला आता तेलसुद्धा लागत नाही, असं त्या माणसाने मनाशी धरलं असेल, आणि धरताना त्याला आपल्या मिस्त्रीचा अभिमानही वाटला असेल. गॅरेजला परत ये, हे शब्द राहून गेले. तीनला क्लास सुटत होता आणि नऊ पोरी फाटकाशी उभ्या होत्या.

अपघाताची बातमी ऐकून आसिफ रिंगरोडवर पोचला तेव्हा ट्रक तिरका उभा होता, त्यातून तुरीची पोती कलंडली होती आणि ट्रकचा ड्रायव्हर शेतातून पळून गेला होता. त्यामुळे लोकांच्या हाती गुरुपादप्पा एकटाच सापडला होता. त्याला पुढच्या सीटवरून मान धरून ओढला होता. मारणारे गुंड नव्हते. पाठीवर दप्तरं असलेली क्लासची पोरं होती, भाजी घेऊन निघालेला एक मास्तर होता, इस्त्रीचा शर्ट घातलेल्या एका माणसाने आधी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि मग लाथ घातली. चप्पल, पट्टा, जाड गाइडाची कड. तुरीच्या सांडलेल्या दाण्यांवरून लोकांचे पाय घसरत होते, ते एकमेकांना सावरून पुन्हा मारत होते. मारणाऱ्यांच्या तोंडून शिव्या कमी आणि श्वास जास्त ऐकू येत होते. रस्त्याच्या कडेला बाकीच्या पोरी एकमेकींना धरून बसल्या होत्या. मागच्या चाकापाशी एक आडवी होती. तिकडे आसिफने एकदा पाहिलं. पुढे ते आठवायची वेळ आली की त्याचं मन झटकन दुसऱ्या कशाला तरी हात घालायचं, त्या घड्याळवाल्याला, नाहीतर तुरीला. तो गर्दीत शिरला तो मध्ये पडायलाच, हे मात्र खरं होतं. कोपरांनी वाट काढत तो आत गेला. सोडा, मरेल तो, असं त्याच्या तोंडात आलंही होतं. गुरुपादप्पाने रक्ताने भरलेले डोळे वर केले, त्याला ओळखलं, आणि त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. आपला माणूस आला. त्याने आसिफच्या शर्टाचा काठ धरला आणि म्हणाला, "आसिफभाई, तुम्हीच म्हणाले ना, सादं—"

आसिफने मूठ मारली. विचार आधी आला की मूठ आधी गेली, हे त्याने तीन दिवस तपासलं होतं, इंजिनाचं टायमिंग तपासावं तसं, आणि दर वेळी उत्तर एकच आलं होतं: सादं हा शब्द कानावर पडला, त्याचा पूर्ण अर्थ लागला, गॅरेजची पाटी आणि पाटीवरचं नाव डोळ्यांसमोर आलं, या गर्दीने ती पाटी वाचली तर काय होईल हे दिसलं, बायको सबिहा दारात उभी असलेली दिसली, आणि मग मूठ गेली. एवढं सगळं त्या एका क्षणात मावलं होतं. हाड तुटल्याचा आवाज त्याला ऐकू आला. इतक्या गोंगाटात तो फक्त त्यालाच ऐकू आला असेल. बेअरिंग फुटल्याचा आवाज शेजारी चार इंजिनं चालू असताना ओळखणारा कान होता त्याचा. दात पेरात रुतला. त्याने हात ओढून घेतला आणि पुन्हा मारलं, त्याच जागी, नेमकं, कारण पहिल्या ठोक्यानंतरही ते तोंड काहीतरी बोलायला बघत होतं. ओळखीचा माणूसही मारतोय म्हटल्यावर ज्यांचे हात अवघडले होते त्यांचेही सुटले. पोलीस यायला आणखी सात-आठ मिनिटं लागली.

घरी गेल्यावर सबिहाने शर्टावरचं रक्त पाहिलं. जखमींना उचलायला गेलो होतो, तो म्हणाला. तिने शर्ट थंड पाण्यात भिजत घातला आणि त्याला दूध तापवून दिलं. दुसऱ्या दिवशी गुरुपादप्पाच्या बायकोचा, बसम्माचा, निरोप आला. कुणीतरी तिला सांगितलं होतं की लोक मारत असताना एकटा आसिफ गर्दी फोडून आत गेला. आसिफभाई मध्ये पडले म्हणून कुंकू राहिलं, असं तिने कळवलं होतं. हा निरोप सबिहानेच आणला आणि सांगताना तिचे डोळे भरून आले. आसिफ दवाखान्यात गेला नाही. गॅरेजमध्ये जाऊन त्याने सकाळपासून संध्याकाळपर्यंत काम केलं, चौदा गाड्यांचं तेल तपासलं, आणि तेल ठीक असलेल्या गाड्यांच्या मालकांवरही खेकसला.

फौजदार आवारात आले, पिस्टन हातात घेऊन त्यांनी ओरखड्यांवर अंगठा फिरवला. तेल नव्हतंच का, त्यांनी विचारलं. नव्हतं, आसिफ म्हणाला. म्हणजे ड्रायव्हरने बिनतेलाचं पेट्रोल घातलं, त्यातून इंजिन जाम झालं, चाकं बसली, मागून ट्रक आला, ड्रायव्हरची हयगय. बरोबर? यात एकही शब्द खोटा नव्हता. आसिफने फक्त मान हलवायची होती. त्याला अशा वेळचं सगळं ठाऊक होतं: नाडी पाहिली जाते, खूण होते, आणि माणसं पुढच्या ढिगाकडे वळतात. सटवाजींनी लेखणी टेकवली. तेव्हा पायरीवरून व्यंकटी उठले आणि जवळ आले.

"मेस्तरी, मला लई कळत न्हाई यातलं," ते म्हणाले. "हे थांबलं कशानं, ते मला इस्कटून सांगा. गावात लोक इचारतेत. तिच्या आईनं इचारलंय. मला सांगता आलं पायजे."

फौजदार काहीतरी बोलणार होते, पण आसिफने पिस्टन त्यांच्या हातातून घेतला होता. त्याने तो सिलिंडरात अर्धा बसवून दाखवला. मामा, हे असं खाली-वर होतं, दोघांच्या मध्ये केसाएवढी जागा असते. व्यंकटींनी वाकून ती जागा पाहिली, बोट लावून पाहिलं. एकदा सांगायला लागल्यावर आसिफला एकही टप्पा गाळता येईना. आग किती तापते, धातू किती फुगतो, तेल काय करतं. नव्या शिकाऊ माणसाला सांगावं तसं त्याने जेटही दाखवलं: हे भोक मुळात मोठं असतं, हे बारीक केलेलं आहे, याने गाडी कमी पेट्रोलमध्ये जास्त चालते आणि धूर कमी होतो, पण इंजिन जास्त तापतं, म्हणून याला तेल इतरांपेक्षा जास्त गरजेचं. माणसांबद्दल तो हवं तेवढं खोटं बोलला होता. इंजिनाबद्दल खोटं बोलायला जीभ वळत नव्हती. व्यंकटी प्रत्येक वाक्याला हूं म्हणत होते आणि ओठ हलवत ते पाठ करत होते.

"भोक कुणी बारीक केलं?"

"मी."

"आन् तेल का न्हाई टाकलं त्यानं? त्याला ठावं नव्हतं?"

"ठाऊक होतं. त्याला फोनवर सांगितलं, टाकू नको. म्हणजे सांगणाऱ्याला तसं म्हणायचं नव्हतं, पण शब्द तोच होता."

"कुणी सांगितलं?"

"मीच, मामा."

फौजदारांनी आसिफला दंडाला धरून लिंबाच्या पलीकडे नेलं. ते रागावले नव्हते. गाव अजून तापलेलं आहे, ते म्हणाले. ड्रायव्हरवर कागद पुरा होतोय, कोर्टात काय ते होईल, तू कशाला मध्ये पडतोस. तुझ्या गॅरेजची पाटी रस्त्यावरून वाचता येते, हेही ते हळूच म्हणाले. त्यांना त्याचं भलंच करायचं होतं. आसिफने सबिहाचा विचार केला, वहीतल्या आकड्यांचा केला, आणि हे सगळं आपण आधीच एकदा तोलून पाहिलंय, एका क्षणात, आणि त्याचं काय झालं तेही पाहिलंय, असं त्याला वाटलं. तो परत येऊन सटवाजींसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, लिहा. त्याने क्रमाने सांगितलं. टाकीत बिनतेलाचं पेट्रोल पासिंगसाठी आपण घातलं. परत यायला आपण बजावलं नाही. फोनवरचा शब्द आपला. सटवाजी कागदी मराठीत लिहीत गेले, सदर इसमाने, उपरोक्त वाहनाचे, आणि मध्येच थांबून त्याच्या तोंडाकडे पाहायचे. शेवटी त्याने उजवा हात कागदाच्या शेजारी पुठ्ठ्यावर ठेवला. याला दांडा बसलेला नाही, तो म्हणाला. गुरुपादप्पाचा जबडा यानेच तुटला. दोन ठोसे. सटवाजींनी विचारलं, कशासाठी? लोकांबरोबर, रागाच्या भरात, असं लिहू?

"नाही. तो बोलणार होता म्हणून, असं लिहा."

लेखणी कागदावर खरखरली. लिंबाची वाळली पानं ऑटोच्या फाटक्या हुडावर पडत होती. आता हा माणूस आपल्याला मारणार, असं आसिफला वाटलं. त्याने पेटीतला मोठा पाना व्यंकटींच्या पायापासून हातभरावर आहे हे पाहिलं आणि तो बाजूला केला नाही. व्यंकटींनी खाली पाहिलं. पण त्यांचं लक्ष पान्याकडे नव्हतंच. ते काहीतरी मोजत होते, आधी ऐकलेलं आणि आत्ता ऐकलेलं शेजारी शेजारी लावून बघत होते.

"किती येळ मारलं त्याला?" त्यांनी विचारलं.

"मी आल्यावर सात-आठ मिनिटं."

"किती मान्सं व्हती?"

"पन्नास असतील. साठ."

"सगळे त्याच्याकडंच व्हते?"

"हो."

व्यंकटींनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. त्यांचा आवाज आताही चढला नव्हता. शाळेत हजेरी घेताना नाव विचारावं तसा तो होता.

"तुम्ही समदे त्याला मारून राहिले व्हते, तवा माझी लेक जिती व्हती का?"

आसिफच्या मनाने घड्याळवाल्याला हात घातला, तुरीला घातला, आणि दोन्ही निसटून गेलं. मागच्या चाकापाशी ती कुशीवर होती, एक हात अंगाखाली. डोळे उघडे होते. ती गर्दीकडे पाहत होती, कुणीतरी एक वळेल म्हणून. त्याने तिकडे एकदा पाहिलं होतं, आणि ती त्याच्याकडे पाहत होती, आणि तेव्हा त्याची मूठ दुसऱ्यांदा वर गेलेली होती.

"होती," तो म्हणाला.

सटवाजींनी लेखणी उचलली. हे पंचनाम्यात घ्यायचं का, असं त्यांनी फौजदारांना विचारलं. फौजदार भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"लिवा," व्यंकटी म्हणाले.